उसना तीळ

त्या फोटो स्टुडिओत लहान मुलाचा फोटो काढायचा, तर आधी पोराला जीभ बाहेर काढून दाखवावी लागते. नवं गिऱ्हाईक चक्रावतं. जुनी गिऱ्हाइकं दारातच पोराला सांगून ठेवतात, "आत गेलास की आ कर, म्हणजे लवकर सुटशील." जीभ बघून झाली की स्टुडिओतले म्हातारबुवा मान डोलावतात आणि मगच दिवे लागतात. हे वेड त्यांना काही जन्मापासूनचं नाही. एका तिळापायी लागलं.

म्हातारबुवांना सगळा रस्ता ब्रशकाका म्हणतो. चाळीस वर्षं फोटोतले चेहरे दुरुस्त करायचे, हाच त्यांचा धंदा. पूर्वी निगेटिव्हवर तीन केसांचा ब्रश चालायचा, आता मुलीनं मांडून दिलेला संगणक. हात मात्र तोच, आणि त्या हाताच्या कहाण्या सांगायला तोंडही तेच. एका टकल्या कारकुनाला त्यांनी फोटोत इतके दाट केस दिले, की तो दुकानातून उतरला तो थेट कंगवा घ्यायला गेला, आणि महिन्याभरात म्हणे त्याच्या टाळूवर खरोखरची लव आली. एका बाईच्या कपाळावरच्या आठ्या इतक्या सफाईनं पुसल्या, की घरी जाऊन नवऱ्यावर चिडायचं म्हटलं तरी तिला कपाळाला आठी घालता येईना.

"खोटं वाटत असेल तर तिच्या नवऱ्याला विचारा," काका म्हणत. "माझ्या पाया पडून गेलाय."

चेहरा हा जात्याच चुगलखोर असतो, असं त्यांचं ठाम मत होतं. रात्रीची जाग, दुपारची भांडणं, लपवलेलं दुखणं, सगळं तो चारचौघांत सांगत सुटतो. त्याचं तोंड बंद करायचं, की झाला फोटो छान. आणि एकदा ते बंद केलं की मूळ फोटो ठेवायचा नाही, हा दुकानाचा कायदा. गिऱ्हाइकाला आपला आधीचा चेहरा पुन्हा दिसता कामा नये. निगेटिव्हच्या काळात ते जुन्या प्रतीचे कात्रीनं चार तुकडे करत. आता दुरुस्त केलेला फोटो जुन्याच्याच जागी ठेवत आणि वर संगणकातली कचऱ्याची टोपलीही रिकामी करत. मुलगी कितीदा म्हणाली, "बाबा, मूळ राहू द्या हो बाजूला, जागा काय थोडी आहे?" काका म्हणत, "सोडलेल्या घरात पुन्हा डोकावून बघू नये."

तर त्या सोमवारी शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो होते. पहिली-दुसरीची मिळून चौऱ्याऐंशी पोरं. फोटो काढले मुलीनं. तिला शाळेत सगळे फोटोवाली ताई म्हणतात. फोटोचा दिवस कोणी बुडवत नाही. एरवी शिंक आली तरी घरी बसणारी पोरं त्या दिवशी तापाचं औषध पाजून, भांग पाडून, गळ्यापर्यंत बटणं लावून हजर असतात. काकांची नात भिंगरी दुसरीत. ती सकाळी "घसा दुखतोय" म्हणत होती. आईनं कपाळाला हात लावला, किंचित कोमट लागलं. "फोटो होऊ दे, मग आल्यावर झोप," म्हणून आई तिला घेऊनच गेली. भिंगरीची आई आणि फोटोवाली एकच असल्यामुळे दुसरा इलाजही नव्हता.

मंगळवारी काका कामाला बसले. शेंबूड पुसले, विस्कटलेले केस बसवले, एकाच्या गालावरचा शाईचा डाग काढला. आणि मग त्यांना काही चेहरे खटकू लागले. गाल लालबुंद, जणू आत्ताच कोणी दोन चापट्या मारल्यात. आणि तोंडाभोवती मात्र एक फिकट कडं. दूध पिऊन तोंड न पुसल्यासारखं. एक झालं, दोन झाले, तीन झाले.

"ताई!" काकांनी पडद्याआड हाक मारली. रागात असले की ते पोटच्या मुलीला ताई म्हणत. "उजवीकडचा दिवा किती जवळ घेतला होतास? पोरांची तोंडं बघ. नाकाखाली चुना लावलाय आणि गालावर गेरू."

"दिवा रोजच्याच जागी होता बाबा."

"मग पोरांनीच रंगरंगोटी केली असेल!"

"चौऱ्याऐंशीत सगळ्यांची आहेत का तशी? दिवा चुकला असता तर सगळेच चुकले असते ना?"

काका मोठ्यानं खाकरले. चाळीस वर्षं दिव्यांच्या चुका निस्तरलेल्या माणसाला दिव्याची चूक दिसते, हे तिला कोण समजावणार? दोन वेण्यांची एक गुटगुटीत मुलगी होती, तिची कातडी अगदी लोण्यासारखी एकसारखी. काकांनी तिच्या फोटोतल्या हनुवटीवरची कातडी उसनी घेतली आणि त्या फिकट कड्यांवर हलक्या हातानं पसरली. गालांचा लाल उतरवला. एकूण सात चेहरे निघाले. सातवं कोणाचं होतं माहीत आहे? नाही, भिंगरीचं नव्हतं. भिंगरीचं सहावं. तिच्यावर त्यांनी तासभर घालवला. नातीच्या तोंडावरून उंदराच्या शेपटीएवढा ब्रश फिरवत, गुणगुणत, तिला बाहुलीसारखी करून सोडली. त्या तासाभरात त्यांनी तिचा चेहरा जितक्या जवळून पाहिला, तितका तिच्या बारशानंतर पाहिला नसेल. आणि पाहिलं काय? दिव्याची चूक.

भिंगरीत इतका वेळ गेला, की सातवं त्यांनी जरा घाईत उरकलं. मूळ सगळे पुसले, टोपली रिकामी केली, चहा प्यायले.

गुरुवारी दुपारी भिंगरी काकांच्या टेबलापाशी खुर्चीत पाय दुमडून बसली होती. तीन दिवस शाळा नाही. ताप येऊन-जाऊन होता. घसा दुखतो म्हणून दूधही नको, बिस्कीट तर नकोच. नाव भिंगरी, पण हललीसुद्धा नव्हती. खिडकीतून सरळ, पांढरा उजेड तिच्या तोंडावर पडला होता. स्टुडिओतले सगळे दिवे बंद होते.

काकांनी मान वर केली आणि त्यांचा माऊसवरचा हात तसाच राहिला.

गाल लाल. तोंडाभोवती फिकट कडं.

त्यांनी डोळे चोळले. उठले, पडदा ओढला, पुन्हा उघडला. भिंगरीची खुर्ची भिंतीकडे वळवली, परत खिडकीकडे वळवली. कडं हलेना.

"आजोबा, काय करताय?" भिंगरी खरखरत्या आवाजात म्हणाली. "मला गरगरतंय."

"जीभ दाखव बघू."

"का?"

"मी माझी दाखवतो, तू तुझी दाखव. ज्याची लांब तो जिंकला."

काकांनी आपली दाखवली. भिंगरीनं नाइलाजानं आपली काढली. परवा आईनं पाहिली होती तेव्हा ती पांढरी होती, साय धरल्यासारखी. आज साय उतरली होती आणि खालून लालभडक, बारीक बारीक दाण्यांची जीभ वर आली होती. डिट्टो स्ट्रॉबेरी. आयुष्यात हजारो तोंडं उजळवलेल्या काकांना तो लाल रंग ओळखीचा वाटेना. असा लाल त्यांच्या कुठल्याच बाटलीत कधी नव्हता.

त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. डोळ्यांना पुरळ धड दिसतही नव्हतं, नुसती लाली होती. पण हाताला लागलं. कागदाची पारख त्यांना अंधारातही होती, चकचकीत कोणता, रेशमी कोणता, खरखरीत कोणता. नातीची पाठ पॉलिश पेपरसारखी खरखरीत लागत होती.

"अगं ए!" त्यांनी हाक मारली. या वेळी ताई म्हणाले नाहीत. "तिला उचल. डॉक्टरीणबाईंकडे चल. आणि ऐक..."

मुलगी पडद्याआडून आली.

"दिवा बरोबर होता तुझा," काका म्हणाले.

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना रस्त्याच्या पलीकडे. त्यांचा लग्नातला फोटो काकांनीच दुरुस्त केलेला, त्यामुळे काकांना तिथे नंबर लावावा लागत नसे, निदान काका तसं सांगत. बाईंनी भिंगरीच्या घशात उजेड टाकला, मान चाचपली, पोट आणि काखा पाहिल्या, घशातून कापूस फिरवून तपासायला दिला. थोड्याच वेळात खात्री झाली.

"स्कार्लेट फीवर," बाई म्हणाल्या. "घशात जिवाणू बसलाय, त्याच्या विषानं ही लाली येते. घाबरू नका, औषध आहे आणि चांगलं आहे. पण पूर्ण घ्यायचं. दोन दिवसांत ही नाचायला लागेल, तेव्हा तुम्ही म्हणाल, बरी झाली, राहू दे आता. तसं करायचं नाही. पुढे बोटांची कातडी सुटेल, त्यालाही भ्यायचं नाही."

"आणि औषध नाही दिलं तर?" काकांनी विचारलं.

"बऱ्याचदा घसा आपला आपण बरा झाल्यासारखा वाटतो. आणि मग काही आठवड्यांनी एखाद्याच्या हृदयावर येतं, एखाद्याच्या मूत्रपिंडावर. सगळ्यांच्या नाही. पण कोणाच्या, ते आधी कळत नाही ना. काका, तुम्ही ओळखलंत कसं हे? लाल गाल तर उन्हातून आलेल्या पोराचेही होतात."

काकांनी भिंगरीला मांडीवर नीट सावरून बसवलं.

"हिच्यासारखे आणखी सहा आहेत," ते म्हणाले. "फोटोत."

"मग दाखवा ना फोटो!"

"फोटोत आता ते छान दिसतात."

बाईंना अर्थ लागायला क्षणभर वेळ लागला. लागल्यावर त्यांनी मुलीकडे वळून विचारलं, "मूळ प्रती कुठे आहेत?"

मुलगी म्हणाली, "कॅमेऱ्यातलं कार्ड कारखान्याच्या फोटोंसाठी मी कालच रिकामं केलं. टोपलीत बघू?"

"टोपली मी रोज रिकामी करतो," काका म्हणाले.

बाईंनी शाळेत फोन लावला. वर्गाच्या बाई म्हणाल्या की अकरा मुलं गैरहजर आहेत, कुणाला सर्दी, कुणाकडे पाहुणे, कुणाचं काहीच कळवलेलं नाही. सगळ्या घरांना निरोप पाठवते, पण चौऱ्याऐंशी घरांतली ऐंशी म्हणतील, आमचं पोर ठणठणीत आहे. "नावं सांगा. नाव घेऊन फोन केला की माणूस ऐकतो."

काका दुकानात परत आले. भिंगरीला पहिला डोस देऊन मागच्या खाटेवर निजवलं. मुलगी वर्गाची यादी घेऊन शेजारी बसली. संगणकावर चौऱ्याऐंशी चिमुकले चेहरे उघडले होते. सगळे एकसारखे तजेलदार. एकाच्याही तोंडावर काही म्हणजे काही लिहिलेलं नव्हतं. कोणी परका असता तर म्हणाला असता, काय निरोगी शाळा आहे!

"आठवा बाबा."

"थांब. डोक्याला नाही आठवत, हाताला आठवतंय." त्यांनी डोळे मिटले आणि टेबलावर रिकामा हात फिरवू लागले. "एकाचे पुढचे दोन दात पडलेले. ओठ आत गेला होता, कडं तिरकं आलं होतं."

"हा?" मुलीनं पडद्यावर बोट ठेवलं.

"हाच," काकांनी डोळे किलकिले करून पाहिलं. "मग एक ती, कानात निळी फुलं. तिच्या नाकाच्या शेंड्यावर सालपट होतं. मग जुळ्यांपैकी एक. नेमका कोणता ते देवाला ठाऊक."

"दोघांनाही बोलवू."

"मग चष्मेवाला, चष्म्याच्या काचेत त्याच्या गालाचा लाल पडला होता, तो काढताना नाकीनऊ आले. मग तो, कॉलर चघळणारा. मग आपली."

सहा. वर्गाच्या बाईंना एकेक नाव कळवलं जात होतं. त्यातली चार पोरं घरीच होती, अंगात कणकण असलेली. सातवं काही केल्या आठवेना. काका पाणी प्यायले. येरझाऱ्या घातल्या. फोटो मोठे करून, लहान करून, आडवे करून पाहिले.

"माझं काम माझ्याच डोळ्याला सापडत नाही," ते म्हणाले. हे वाक्य एरवी त्यांनी मिशीवर ताव मारून म्हटलं असतं. याच वाक्यावर त्यांचं दुकान उभं होतं. "शेवटचं होतं, एवढंच आठवतं. घाईत केलं होतं."

"घाईत केलं म्हणजे बरंच आहे की."

"बरं काय त्यात?"

"घाईत केलं म्हणजे कुठेतरी चुकलं असेल ना बाबा. चूक शोधा."

काकांनी मुलीकडे पाहिलं. आयुष्यभर त्यांनी एकाच गोष्टीची धास्ती घेतली होती, आपल्या हातून चूक राहिली आणि ती कोणाला दिसली तर? आता ते खुर्ची ओढून बसले आणि मनातल्या मनात विनवू लागले, चुकलो असू दे रे. कधी नाही ते धडधडीत चुकलो असू दे.

एकेक चेहरा ते पडदाभर मोठा करत गेले. कानाची पाळी, केसांची कड, ओठांचे कोपरे. पंचेचाळीसाव्याला डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. साठाव्याला मुलीनं चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. एकाहत्तराव्या चेहऱ्यावर ते थांबले.

शेवटच्या बाकावर बसत असेल अशी एक मुलगी. अंगानं बारीक. कॅमेऱ्याकडे बघण्याऐवजी त्याच्या थोडं वर बघणारी. खालच्या ओठाखाली डाव्या अंगाला मोहरीएवढा तीळ.

"दोन वेण्यांवाली काढ," काका म्हणाले.

मुलीनं ती गुटगुटीत मुलगी शेजारी उघडली. खालच्या ओठाखाली डाव्या अंगाला मोहरीएवढा तीळ. तोच. त्याच्या वरच्या कडेला तीच बारीकशी लव.

"दोघींना एकाच जागी एकच तीळ कसा असेल?" मुलगी म्हणाली, आणि मग तिच्या ध्यानात आलं.

"कातडी उसनी घेताना तीळही आला," काका म्हणाले. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा." आणि ते चक्क हसले.

वर्गाच्या बाईंना ती मुलगी लगेच आठवली नाही. मग आठवली. "मावशीकडे राहते ती. सोमवारनंतर आलेली नाही. फोन लागत नाही त्यांचा, मावशी धुलाईच्या कारखान्यात असते, आत फोन नेऊ देत नाहीत." पत्ता मिळाला. डॉक्टरीणबाई दवाखाना सोडून निघाल्या, आणि काकाही निघाले. नको म्हटलं तरी निघाले.

तिसऱ्या मजल्यावरची खोली होती. शेजारच्या आजींकडे किल्ली होती. "पोर झोपून आहे," आजी म्हणाल्या. "ऊन लागलंय म्हणून मावशीनं गालांना मलम लावलंय. काल बरं वाटत होतं तिला, आज पुन्हा मलूल झालीय. पाणीसुद्धा गिळत नाही."

खिडकीशी गादीवर ती पडली होती. गालांवर मलमाची चकाकी, मलमाखाली लाल. तोंडाभोवती ते कडं. ओठांखाली मात्र कुठेच तीळ नव्हता. हीच ती जागा, जिच्यावरून त्यांनी मंगळवारी घाईघाईनं हात फिरवला होता. पोरीचा चेहरा तेव्हाच सगळं सांगत होता, घसा फोडून सांगत होता, आणि त्यांनी त्याचं तोंड दाबलं होतं.

बाईंनी गादीशी बसकण मारली. "आ कर गं राणी."

पोरगी आ करायला तयार नव्हती. घसा फार दुखत होता. शिवाय घरात दोन परकी माणसं.

काका पुढे झाले. गुडघे कुरकुरले, तरी खाली बसले. "मी जीभ काढतो," ते म्हणाले, "तू पण काढ. ज्याची लांब तो जिंकला. तुला सांगतो, माझी जीभ पूर्वी इतकी लांब होती की मी तिनंच पाकिटांवर तिकिटं चिकटवायचो. पोस्टात नोकरी देत होते मला. नाही म्हणालो."

पोरगी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं जीभ काढली.

तिची मावशी संध्याकाळी कारखान्यातून थेट दवाखान्यात आली, हात अजून साबणानं पांढरे. पोरगी सलाइन लावून बाकावर झोपलेली पाहून ती तशीच तिच्याकडे धावली. बाईंनी तिला बसवलं. "वेळेत आलीय," त्या म्हणाल्या. "अंगातलं पाणी कमी झालं होतं, तेवढं भरून निघेल. औषध मात्र शेवटच्या गोळीपर्यंत."

"मला वाटलं ऊन," मावशी म्हणाली. "फोटोच्या दिवशी मैदानात उभी होती ना."

"मला वाटलं दिवा," कोपऱ्यातून काका म्हणाले.

तीन-साडेतीन आठवड्यांनी ती पोरगी मावशीचं बोट धरून स्टुडिओत आली. तिच्या बोटांची टोकं सालपटं निघून गुलाबी झाली होती. भिंगरीची तर तिच्याही आधी झाली होती. दोघी आपापली बोटं जुळवून, कोणाची जास्त सोलली ते बघत बसल्या. कोणाचं हृदय, कोणाचं मूत्रपिंड तक्रार करत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी सातही जणांना पुन्हा बोलावून, ऐकून, तपासून तसं सांगितलं होतं.

मावशीच्या हातात ओळखपत्र होतं. "काका, जरा बघता का? हिला ओठाखाली तीळ नाही, आणि इथं आहे. शाळेत बाई विचारतात."

काकांची मान खाली गेली. "माझी चूक आहे. नवा फोटो काढून देतो. आत्ता देतो. हे आण इकडे."

पोरीनं ओळखपत्र छातीशी धरलं.

"नाही," ती म्हणाली. तिचा आवाज काकांनी पहिल्यांदाच ऐकला. "हाच राहू दे."

"अगं, पण तो तुझा नाही."

"माझा नसू दे," ती म्हणाली. "भिंगरी म्हणाली, त्याच्यामुळे तुम्ही आलात."

काकांनी पुढे केलेला हात मागे घेतला. त्यांनी मुलीला दिवे लावायला सांगितलं आणि त्या पोरीचा एक नवा फोटो तरीही काढला, शाळेसाठी नव्हे, दुकानासाठी. अर्थात आधी जीभ पाहून. जीभ साधी, फिकट गुलाबी होती, मधोमध चॉकलेटचा डाग.

फोटो संगणकावर आला. नाकावर एक ओरखडा होता, केस कपाळावर आले होते, आणि ती अजूनही कॅमेऱ्याच्या थोडं वरच बघत होती.

"टच करायचा?" मुलीनं विचारलं.

काकांनी खुर्ची पुढे ओढली. बराच वेळ त्या चेहऱ्याकडे बघत बसले. मग त्यांनी केस तेवढे बाजूला केले, कारण अगदीच हात राखला असता तर त्यांना झोप आली नसती. आणि तो फोटो नव्या नावानं, मूळच्या शेजारी, वेगळा ठेवला.